भुईवर उतरलेला रेचा

हायस्कुलाची पायरी मी जन्मात चढले नाही. तरी मी हायस्कुलात शिकले, आणि शिकले ते नकाशे काढायला न् यंत्रं जुळवायला, असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या लुगड्याकडे बघतो, आणि मग हसतो. हसू द्या. मी काही त्याला थांबवत नाही. हसून झालं की मी माझी गोष्ट सांगते, आणि मग तो हसत नाही.

शाळेत जायचे ते आमचे हे. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, आणि या वयात ती मोडायची मला हौसही नाही, तेव्हा 'हे' म्हटलं की तुम्ही समजून घ्या. माझं माहेर अमरावतीकडचं, रिद्धपूरच्या वाटेवरचं. लग्न होऊन मी अकोल्याला आले, मोर्णेकाठी जुन्या शहरात. घरात सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाई, त्या आत्याबाई, आणि हे. शेतं गावाबाहेर, कपाशी घरात. घरात म्हणजे अक्षरशः घरात. कोठी भरली की ओसरीवर, ओसरी भरली की देवघराच्या दारापर्यंत. जेवताना ताटातून कापसाचे तंतू काढावे लागत.

ती कापसाची वर्षं होती. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, म्हणून विलायतेची नजर आमच्या काळ्या जमिनीकडे वळली, असं चौकातले लोक बोलत. लढाई कोणाची कोणाशी, हे आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. भाव मात्र शेंबड्या पोरालाही पाठ. बैलांच्या गळ्यात चांदी आली. शेजारच्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते कधी वाजेल याचा नेम नव्हता, पण वाजलं की बाया हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या.

अशा दिवसांत शाळेत कोण बसेल? यांच्या वर्गातली पोरं एकेक करून गाड्यांवर गेली, वजनाच्या काट्यावर गेली. मामाजींनाही हेच पाहिजे होतं. त्यात शाळेत एक नवे मास्तर आले. पुण्याकडचे. खानदेशात आगगाडीचे पूल बांधत होते, तिथे नकाशे काढून आलेले. त्यांनी हुन्नराचा वर्ग काढला. दुपारी पोरांच्या हातात फूटपट्टी, कंपास, करवत, रंधा. आधी वस्तू कागदावर काढायची, मग लाकडात करायची. यांना त्याचं इतकं वेड लागलं की जेवताना भाकरीचाही मध्य शोधायचे.

गल्लीत बोलणं सुरू झालं. एक दिवस मामाजी बाहेरून तापूनच आले.

"काहून रे, त्या सुताराचा पोट्टा शाळेत जाऊन कारकून होऊन राह्यला, अन् आपला शाळेत जाऊन सुतार? लोक हासून राह्यले मले."

हे खाली मान घालून म्हणाले, "सुतारकी नायी बावाजी, यंत्र शिकवतेत."

"यंत्र? मंग आयक. पाडव्याले नवं साल लागते. तोवर तुह्या शाळेनं या घरात एक तरी कामाची चीज आणून दाखवाव. नुसती पाहाची नायी, बायकाइनं वापरली पायजे. दाखवली त शीक लागन तेवढा. नायी त काट्यावर बसाचं, अन् मंग शाळेचं नाव काढाचं नायी."

मी दाराआड होते. ती अट मलाही लागू झाली. कारण, आता खरं सांगते, त्यांची शाळा सुटली असती तर माझीही सुटली असती.

माझी शाळा कशी चालायची ते सांगते. दुपारी जेवणं झाली की आत्याबाई जरा आडव्या व्हायच्या. वर्ग नसेल त्या दुपारी हे कोठीत कपाशीच्या ढिगावर कागद पसरून बसत. दिवसाढवळ्या नवराबायकोने बोलत बसायचं नाही, हा नियम. पण कोठीतलं धान्य काढायला सुनेला कोण अडवणार? मी सूप घेऊन आत जायची. पहिल्यांदा मी नुसतं पाहिलं. मग विचारलं, हे काय? तर म्हणाले, जातं. मला हसूच आलं. एक गोल, त्यात एक बारका गोल. जातं कुठे आहे यात? ते म्हणाले, "तू वरून पाहून राहिली. आता बाजूनं पाय." आणि दुसरा कागद दाखवला. मग तिसरा, त्यात जातं मधोमध कापलेलं, आतला खुंटा दिसणारा. रोज ज्याच्यावर मी दळायची, त्याच्या पोटात काय आहे ते मला कागदाने दाखवलं! तो दिवस मी विसरले नाही. त्यानंतर मला घरातली प्रत्येक वस्तू तीनदा दिसायला लागली. वरून, बाजूने, न् कापून. एकदा भरताचं वांगं उभं कापून बघत बसले, तर आत्याबाई म्हणाल्या, "किडकं हाय काय वं?"

आकडे मी फूटपट्टीवर शिकले, म्हणून इंग्रजी आकडे मला मराठी आकड्यांआधी आले. अक्षरं नकाशाच्या कडेला शिकले, जिथे भागांची नावं लिहितात. लोकांच्या पोरी देवाचं नाव गिरवून लिहायला शिकतात. मी पहिला शब्द लिहिला तो 'खीळ'. आणि चांगला ठसठशीत लिहिला.

तर यांनी ठरवलं, रेचा करायचा. कपाशीतून सरकी वेगळी काढायचं लाकडी यंत्र म्हणजे रेचा. दोन आडवे दांडे असतात, एक लाकडाचा जाड, एक लोखंडाचा बारीक. ते फिरतात, त्यांच्या फटीतून कापूस पलीकडे जातो, सरकी अलीकडे पडते. घरोघरी हे काम बायांचं. एका हाताने मूठ फिरवायची, एका हाताने कपाशी द्यायची. खांदा भरून यायचा. मास्तरांनी सुचवलं, पायाने चालणारा करा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील. यांनी न् वर्गातल्या पोरांनी महिना-दोन महिने खपून नकाशा केला, सांगाडा केला, मोठं चाक केलं, आणि त्यापुढे बसायला झकास तिवई केली, चांगली गुडघ्याएवढी उंच. तिवईवर बसायचं, खालची फळी पायाने दाबायची, चाक फिरणार, दांडे फिरणार.

गाडीतून यंत्र घरी आलं. अंगण भरलं. शेजारच्या बाया कुंपणाशी आल्या, मामाजी ओसरीवर बसले, मी दाराआड. यांनी स्वतः बसून पाय मारला. काय चाललं म्हणून सांगू! चाक असं घुमलं, की कोंबड्या पळाल्या. कापूस साफ. मामाजी नुसते बघत राहिले.

आत्याबाई यंत्राभोवती फिरल्या. तिवईपाशी थांबल्या.

"हे काय होय?"

"तिवई, माय. हिच्यावर बसाचं."

"कोन बसन?"

"कोनीही. सून बसन."

"अन् मी?"

"तू खालतं बस, सरकी वेच."

आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे सून वरतं अन् सासू खालतं?"

कुंपणावरून एकीने आवाज दिला, "बरं तं हाय वं! सुनेच्या पाया पडाले वाकाचं काम नायी."

सगळ्या खो खो हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. हे गडबडले. "मंग तूच बस ना माय वरतं."

"मी? तुह्या बापापुढं तिवईवर बसू? सारी हयात याहीच्यासमोर पाटावर नायी बसली मी, आता पाय हालवत तिवईवर बसू?"

आणि खरंच होतं ते. आमच्या घरात, आमच्याच काय, गल्लीतल्या कोणत्याच घरात, थोरांसमोर बाई उंच आसनावर बसत नसे. हे सगळ्या गल्लीला ठाऊक. शाळेत जाणाऱ्या त्या साऱ्या पोरांनाही ठाऊक. पण नकाशा शाळेच्या बाकावर बसून काढला, तिथे सगळेच बाकावर, मग रेचाही बाकावर चढला. कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मामाजी उठले. "यंत्र बेस हाय," म्हणाले. "बसाले मानूस तेवढा नायी." आणि पागोटं घालून बाहेर निघून गेले. पाडवा काही लांब नव्हता.

हे त्या दिवशी जेवले नाहीत. यंत्राकडे पाठ करून बसले. मला बोलायचं होतं, पण घर जागं, अंगण जागं, बोलणार कशी? आणि बोलून सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहिलं होतं. बाई जात्याशी बसते ना, एक पाय मुडपून न् एक पाय लांब पसरून, तशी बसलेली. तो लांब पाय नुसताच पडलेला असतो. त्याला काम का देऊ नये?

सकाळी सडा घातला, रांगोळीची वाटी घेतली आणि अंगणात, जिथे हे दातण करायला उभे राहत, तिथे काढलं. ठिपक्यांची रांगोळी नाही. बाजूने दिसणारा रेचा काढला. भुईची रेघ आडवी. सांगाडा बुटका, बसलेल्या बाईच्या छातीएवढा. पुढे फळी उभी, खाली बिजागरीवर डुलणारी, पसरलेल्या पायाने ढकलायची. फळीपासून चाकापर्यंत आडवा दांडा.

शेजारीण पाणी घेऊन चालली होती. वाकून बघायला लागली. "हे काय कहाडलं वं? उंट होय काय?"

"हाव, उंट," मी म्हणाले.

हे आले. दातण तोंडात धरलं न् तसंच राहिलं. उकिडवे बसले. दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग तोंडातलं दातण काढलं, त्याचं टोक माझ्या रांगोळीतल्या चाकावर टेकवून एक गोल फिरवला. गोल भुईच्या रेघेखाली गेला. मी पाहिलं न् जीभ चावली. सांगाडा खाली आणला, पण चाक तेवढंच मोठं ठेवलं मी! ते जमिनीतच रुतणार. मी पायाने पुसलं, लहान गोल काढला. यांनी नको अशी मान हलवली. लहान चाक हलकं. पाय मागे घेतला की थांबेल. मी हात झटकले, आता काय करू? तेव्हा यांनी माझ्या वाटीतली चिमूट घेतली आणि त्या लहान गोलाच्या कडेने जाड, जाड, जाड काठ भरत आणला. भरीव चाक, वरून लोखंडाची धाव, गाडीच्या चाकाला असते तशी. लहान, पण जड.

"अरे, रांगोळीत काय खेळून राह्यला लेकरावानी?" आत्याबाई आतून ओरडल्या. "तोंड धू!"

एक शब्द बोललो नाही आम्ही. पण त्या सकाळी आम्ही जेवढं बोललो तेवढं नंतर वर्षावर्षांत बोललो नसू.

दुपारी कोठीत यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "तुहंच हाय, तूच काढ." मी पट्टी धरली. कागदावर कापसाचे तंतू, आणि कानात आत्याबाईंचं घोरणं, ते थांबलं की माझी पेन्सिल थांबायची. वरून, बाजूने, कापून, तिन्ही काढलं. मापं यांनी सांगितली, भागांची नावं मी लिहिली. दुसऱ्या दिवशी हे तो कागद शाळेत घेऊन गेले, आणि मी दिवसभर चुलीत लाकडं जास्तच घालत राहिले.

संध्याकाळी भाकरी वाढताना, आत्याबाई पाणी आणायला वळल्या तेवढ्यात, यांनी भराभरा सांगितलं. मास्तरांनी कागद उजेडात धरला. विचारलं, "हा हात तुझा नाही. कोणाचा?" आता हे तरी माझं नाव कसं घेणार! म्हणाले, "घरचा." मास्तरांनी कागद परत पाहिला आणि म्हणाले, "घरच्यांना सांग, रेघ संपते तिथे पेन्सिल दाबू नये. बाकी नकाशा बरोबर आहे."

बाकी नकाशा बरोबर आहे. माझ्या सगळ्या दागिन्यांत मला हा जास्त आवडतो. आणि त्या दिवसापासून माझी रेघ शेवटाला हलकी झाली ती आजपर्यंत. मास्तरांनी तो कागद पोरांच्या नकाशांच्या ओळीत भिंतीला लावला. पुढे अमरावतीच्या शाळेला दाखवायला काही नकाशे नेले, त्यात माझाही नेला. मी माहेरी जायची वाट बघत होते, न् माझा कागद आधी अमरावतीला जाऊन आला!

पोरांनी सांगाडा कापून बुटका केला. दांडे पुन्हा कातून घ्यायला हे जुन्या शहरातल्या खरादी चाचांकडे गेले. चाचा म्हणाले, "बेटा, इतना ठेंगना? बच्चों के वास्ते बना रहे क्या?"

"नायी चाचा, सासूसाठी."

चाचा एवढे हसले, की दांडा कातायचा बाजूला ठेवून आधी पाणी प्यायले.

पाडव्याच्या आधी रेचा परत अंगणात आला. या वेळी कुंपणाशी बाया जास्त. मामाजी ओसरीवर, पण पागोटं मांडीवर काढून ठेवलेलं, म्हणजे बसायची तयारी. कोणी काही म्हणायच्या आत आत्याबाई पदर खोचून पुढे झाल्या, भुईवर बसल्या, एक पाय मुडपला, एक लांब केला. जात्याशी बसतात तशाच. फळी बरोबर त्यांच्या तळव्याला लागली. माझ्या जिवात जीव आला, कारण ते माप मी माझ्या पायावरून धरलं होतं, आणि त्यांचा पाय मापायची छाती कोणाची होती?

त्यांनी ढकललं. चाक उलटं फिरलं आणि कपाशी पलीकडे जायच्या ऐवजी त्यांच्या मांडीवर परत आली.

"उंट तं लाथ मारून राह्यला वं!" शेजारीण ओरडली.

"गप वं. पयलं चाक हातानं सुरू कर, माय," हे म्हणाले. त्यांनी चाकाला एक हिसका दिला, आत्याबाईंनी पाय मारला, आणि लागलं. ते भरीव चाक एकदा फिरायला लागलं की थांबायचं नाव नाही. आत्याबाईंचे दोन्ही हात कपाशीवर. पलीकडून कापूस असा पडायला लागला, सायीसारखा सलग. कुंपणापाशी हसणं थांबलं.

मामाजी खाली उतरले. मूठभर सरकी उचलली, तळहातावर पसरली, उन्हात धरली. फुटलेली सरकी पेरणीला चालत नाही, ते तेच शोधत होते. बोटाने इकडून तिकडे ढकलत बराच वेळ शोधलं. मग एक दाताखाली धरून पाहिली.

"आख्खी हाय," म्हणाले. आणि मग गड्याला, "कोठीतली आन अजून."

गड्याने आणली. तीही झाली. यांनी म्हटलं, "माय, ऊठ आता, दुसऱ्याले बसू दे."

"थांब रे जरा. कुठी आग लागली तुले?"

मामाजी म्हणाले, "अवो, उठा ना, खांदा दुखन."

"पायानं चालते ते, खांदा काहून दुखन? तुमी तिकडं सरका, कापूस उडून राह्यला तुमच्या अंगावर."

सगळ्या गल्लीसमोर आत्याबाईंनी मामाजींना सरका म्हटलं, आणि मामाजी सरकले. ओसरीवर परत बसले. थोड्या वेळाने यांना विचारलं, "हे खालतं बसाचं कोनाच्या डोक्यातून निंगालं? मास्तराच्या?"

हे म्हणाले, "मास्तरानं तपासलं. निंगालं घरातूनच."

तेव्हा सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मी मागे सरले, पण दार तेवढंच होतं. आत्याबाईंचा पाय थांबला नाही, फक्त त्या म्हणाल्या, "मले मालूम होतं. उंट म्हने!"

मामाजींनी पागोटं उचललं, गुडघ्यावर ठेवून नीट बांधत राहिले. बांधून झालं तेव्हा यांच्याकडे न बघता म्हणाले, "काट्यावर दुसरा मानूस पाहातो मी. तू जाय शाळेत."

हे त्या सालात शिकले, पुढच्याही शिकले. लढाई संपली, भाव पडले, लोकांची चांदी बैलांच्या गळ्यातून परत सोनाराकडे गेली. यांच्या हातातली विद्या मात्र कोणी काढून घेऊ शकलं नाही. मोठ्या यंत्रांचे कारखाने आले तेव्हा यांना बोलवायला माणसं आली. त्यांच्या पाठीशी कोठीत बसून मी किती कागद काढले, त्याची गणतीच नाही. पण मला अभिमान वाटतो तो त्याच पाडव्यानंतरच्या एका सकाळचा.

मामाजी सुनेशी सरळ बोलत नसत. मी चुलीपाशी, ते ओसरीवर, आत्याबाई मध्ये उंबऱ्यावर. मामाजी म्हणाले, "तिले म्हना, गाडीतून कपाशी रस्त्यानं सांडते. बाजूच्या फळ्या उंच पायजे, पण बैलाले जड नायी व्हाले पायजे. कागदावर काढून दे म्हना. सुताराले दाखवतो."

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "आयकलं काय वं?"

"हाव," मी म्हणाले. पोळपाटावरचं पीठ झटकलं. "गाडी लांब किती न् रुंद किती, इचारा."

आत्याबाईंनी विचारलं. मामाजी म्हणाले, "गाडीएवढी हाय. मोजली कोन?"

"मंग मोजून आनाले सांगा," मी म्हणाले. "मापाबिगर नकाशा होत नसते."

बोलून गेले, आणि माझं मलाच ऐकू आलं की मी काय बोलले. आत्याबाईंनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, मग ओसरीकडे वळून अगदी जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर न गाळता. मग तिथून पागोटं झटकल्याचा आवाज आला, जोडे घातल्याचा आवाज आला, आणि मामाजी गाडी मोजायला गोठ्याकडे गेले.